‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’चे वाचन : एका प्रकरणाच्या अलीकडे आणि पलीकडे

प्रस्तावना

फ्योदोर दोस्तोव्हस्की यांची ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ ही अखेरची कादंबरी महाविद्यालयीन वर्तुळात जितकी उल्लेखिली जाते तितकी वाचली जात नाही. तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांना ती ईश्वर आणि दुःख यांच्या प्रश्नासाठी परिचित असते. मानसशास्त्राच्या अभ्यासकांना ती सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९२८ सालच्या पितृहत्याविषयक निबंधामुळे ठाऊक असते, तर साहित्याच्या अभ्यासकांना मिखाईल बाख्तिन यांनी १९२९ साली मांडलेल्या बहुस्वरतेच्या संकल्पनेमुळे. या सर्व विद्याशाखांत विद्यार्थ्यांच्या हाती जे प्रत्यक्ष पडते ते मात्र बहुधा एकाच प्रकरणाची झेरॉक्स प्रत. ते प्रकरण म्हणजे पाचव्या खंडातील ‘ग्रँड इन्क्विझिटर’. सोळाव्या शतकातील सेव्हिल नगरात ख्रिस्त पुन्हा अवतरतो, धर्मन्यायालयाचा नव्वदीला आलेला प्रमुख त्याला कैद करतो आणि माणसांना स्वातंत्र्य नको असते, त्यांना भाकरी, चमत्कार आणि अधिसत्ता हवी असते, असे त्याला सुनावतो. कैदी शेवटपर्यंत एकही शब्द बोलत नाही. तो फक्त त्या वृद्धाचे चुंबन घेतो.

हे प्रकरण स्वयंपूर्ण भासते, हीच त्याची अडचण आहे. सुटे वाचले असता त्याचा जो अर्थ हाती लागतो तो कादंबरीतील अर्थाहून भिन्न, काही बाबतींत तर उलट आहे. ज्या गोष्टींमुळे वाचक ही कादंबरी अर्ध्यावर ठेवतो त्या म्हणजे लांबलचक नावे, भरकटणारा निवेदक आणि मुख्य कथेशी असंबद्ध वाटणारी मुलांची उपकथा. नेमक्या त्याच ठिकाणी इन्क्विझिटरच्या प्रश्नाचे उत्तर विखुरलेले आहे. हे कसे घडते याचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कादंबरी ‘रशियन मेसेंजर’ या मासिकातून जानेवारी १८७९ ते नोव्हेंबर १८८० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे चार भाग, बारा खंड आणि एक उपसंहार आहे. १८८१ च्या प्रारंभीच लेखकाचे निधन झाले. प्रास्ताविकात ज्या दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या कादंबरीचे सूतोवाच त्यांनी केले होते ती त्यामुळे लिहिलीच गेली नाही.

नावांचा प्रश्न

रशियन कादंबरीविषयीची पहिली तक्रार नावांची असते. द्मित्री, मित्या, मित्का आणि मित्येन्का ही एकच व्यक्ती. अलेक्सेई म्हणजेच अल्योशा. ग्रुशेन्का ही न्यायालयात अग्राफेना अलेक्सांद्रोव्हना होते. इंग्रजी वाचकासाठी दिलेल्या बहुतेक सूचना ही नावे लक्षात ठेवण्याची युक्ती शिकवतात. मराठी वाचकाला त्या युक्तीची तितकीशी गरज नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही रचना त्याच्या शाळेच्या दाखल्यावर आहे, आणि दाखल्यावरचे नाव, घरातले नाव व रागावल्यावर उच्चारले जाणारे नाव यांतील अंतरही त्याला अंगवळणी पडलेले आहे. फरक इतकाच की मराठीत वडिलांचे नाव जसेच्या तसे मध्ये येते, तर रशियनमध्ये त्याला प्रत्यय लागतो. फ्योदोरचा मुलगा तो फ्योदोरोविच.

हा केवळ सोयीचा भाग नाही. फ्योदोर पावलोविच कारामाझोव्ह याच्या घरात स्मेर्द्याकोव्ह नावाचा एक स्वयंपाकी आहे. गावात भटकणाऱ्या एका मतिमंद, निराधार स्त्रीच्या पोटी तो जन्मला आणि बाळंतपणातच ती मरण पावली. नोकर ग्रिगोरी आणि त्याची पत्नी मार्फा यांनी त्याला वाढवले, पावेल असे नाव ठेवले, आणि गावाने कोणालाही न विचारता त्याला फ्योदोरोविच म्हणण्यास सुरुवात केली. म्हातारा फ्योदोर पितृत्व नाकारत राहिला, पण या मधल्या नावाला त्याने हरकत घेतली नाही. उलट त्याला त्यात मौज वाटली. आडनाव मात्र त्याने मुलाच्या आईच्या ‘दुर्गंधी’ या अर्थाच्या टोपणनावावरून स्वतः घडवले. म्हणजे वडिलांचे नाव मिळाले, वडील मिळाले नाहीत. आडनाव मिळाले ते आईच्या अवहेलनेचे. पितृहत्येच्या या कथेत भाऊ तीन नसून बहुधा चार आहेत, ही बाब कादंबरी कोठेही ठामपणे सांगत नाही. ती या मधल्या नावात ठेवलेली आहे. मधले नाव वगळून वाचणारा वाचक खटल्यातील महत्त्वाचा पुरावाच वगळतो.

संबोधनाचेही असेच आहे. रशियन भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद आहे, इंग्रजी भाषांतरात तो एकाच सर्वनामात विरून जातो. इव्हान आणि अल्योशा परस्परांना ‘तू’ म्हणतात. इव्हान स्मेर्द्याकोव्हशी ‘तू’ने बोलतो, स्मेर्द्याकोव्ह मात्र त्याला ‘तुम्ही’ म्हणतो आणि शब्दाच्या शेवटी आदराचा एक छोटा प्रत्यय जोडतो. मराठीतील ‘जी’ त्याच्या जवळ जातो. पुढे, खटल्याच्या आदल्या रात्री, हाच स्मेर्द्याकोव्ह खरा खुनी कोण हे इव्हानला सांगतो तेव्हाही ‘तुम्ही’ सुटत नाही. मालकाला अहो-जाहो करीतच तो त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवतो. इंग्रजीतून वाचणाऱ्या मराठी वाचकाने हा प्रसंग मनातल्या मनात मराठीत ऐकून पाहावा, त्यातील थंडपणा लगेच जाणवतो.

चौथ्या खंडाच्या शीर्षकाबाबत भाषांतरकारांची अडचण अधिक आहे. ‘नाद्रिव’ या मूळ शब्दाला कॉन्स्टन्स गार्नेट यांनी १९१२ च्या भाषांतरात ‘लॅसरेशन’ म्हणजे चिरफाड असा शब्द वापरला. रिचर्ड पेव्हिअर आणि लरिसा वोलोखोन्स्की यांनी १९९० मध्ये ‘स्ट्रेन’ म्हणजे ताण हा पर्याय निवडला. दोन्ही शब्द अर्धे खरे आहेत. झेपणार नाही इतके ओझे उचलताना आतून काही फाटावे, आणि तरीही उचलणाऱ्याने ते ओझे सोडू नये, उलट त्या फाटण्यातच त्याला एक प्रकारचे सुख वाटावे, असा त्या शब्दाचा रोख आहे. मराठीतील ‘ऊर फुटेस्तोवर’ या प्रयोगात त्याचा पूर्वार्ध येतो, उत्तरार्ध येत नाही. कातेरिना इव्हानोव्हना द्मित्रीवर जे प्रेम करते ते या जातीचे आहे. कफल्लक झालेला माजी कप्तान स्नेगिर्योव्ह हाती आलेले दोनशे रूबल पायाखाली तुडवतो तेही याच जातीचे.

सर्व काही न पाहणारा निवेदक

ही कथा सांगणारा त्याच गावचा एक रहिवासी आहे. त्याला नाव नाही. तो ‘आमचे गाव’ असा उल्लेख करीत राहतो आणि गावाचे नाव अकराव्या खंडापर्यंत सांगत नाही. ते स्कोतोप्रिगोन्येव्स्क आहे, म्हणजे जिथे गुरे हाकून आणली जातात ते ठिकाण. सांगताना त्याला थोडी लाजही वाटते. लेखकाने उन्हाळी मुक्कामासाठी घर घेतलेल्या स्ताराया रुस्सा या गावाची छाया त्यावर आहे. हा निवेदक ऐकीव माहितीवर विसंबतो, फाटे फोडतो, खटल्यातील सारे आपल्याला आठवत नाही अशी कबुली देतो आणि मध्येच एखाद्या पात्राच्या एकांतातील विचारही खात्रीने सांगू लागतो. प्रारंभीच्या पानांत तो कौटुंबिक इतिहास सांगत बसतो. बहुतेक वाचक येथेच गळतात.

या निवेदकाची आवश्यकता आठव्या खंडात कळते. द्मित्री अंधारात वडिलांच्या खिडकीशी उभा आहे, खिशात खलबत्त्यातील पितळी बत्ता आहे, म्हातारा खिडकीतून डोकावतो आणि द्मित्री बत्ता बाहेर काढतो. येथे मजकुरात केवळ टिंबांची एक ओळ येते. त्यानंतर काय घडले हे निवेदक सांगत नाही. तो ग्रिगोरीकडे वळतो, आणि ग्रिगोरी रक्तबंबाळ होऊन पडतो. वाचकाला या क्षणापासून तेच दिले जाते जे पुढे ज्युरीला मिळते : रक्ताळलेले कपडे, एकाएकी हाती आलेल्या नोटा, मोक्रोये येथील रात्रीची उधळपट्टी, आणि बागेकडचे दार उघडे होते अशी एका प्रामाणिक माणसाची चुकीची साक्ष. १८६४ च्या न्यायिक सुधारणांनी रशियात ज्युरीपद्धती आणली होती. कादंबरीतील ज्युरीत चार सरकारी नोकर, दोन व्यापारी आणि सहा शेतकरी व गावकरी आहेत. बाराव्या खंडाचे शीर्षकच न्यायालयीन चुकीची घोषणा करते. दोस्तोव्हस्की यांना हा विषय पुस्तकातून मिळाला नव्हता. ओम्स्कच्या तुरुंगात त्यांच्याबरोबर पितृहत्येसाठी शिक्षा भोगणारा एक माजी अधिकारी होता आणि पुढे तो निर्दोष ठरला.

तीन हजार रूबल या रकमेचा प्रवासही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ग्रुशेन्कासाठी म्हाताऱ्याने पाकिटात ठेवलेले तीन हजार, कातेरिनाने द्मित्रीजवळ दिलेले तीन हजार, द्मित्री जिथे-तिथे उसने मागत फिरतो ते तीन हजार. सरकारी पक्षाला या साऱ्या रकमा एकच वाटतात. द्मित्री सांगतो की कातेरिनाच्या पैशांतील निम्मे त्याने पूर्वीच उधळले होते आणि उरलेले दीड हजार कापडात शिवून गळ्यात बाळगले होते. ही गोष्ट खरी आहे, पण खरी वाटत नाही. खरे असणे आणि खरे वाटणे यांतील हे अंतर वाचकाला खटल्यापूर्वीच अनुभवावे लागते, आणि त्यासाठी हा अर्धवट जाणणारा निवेदकच हवा होता.

ग्रँड इन्क्विझिटर : खानावळीतील गोष्ट

आता त्या प्रकरणाकडे वळता येईल. ते कोण, कोणाला, कोठे सांगते हे झेरॉक्स प्रतीत सहसा उरत नाही. सांगणारा इव्हान आहे, वय सुमारे चोवीस. ऐकणारा अल्योशा, वय वीस. स्थळ गावातील एक खानावळ. पडद्याआड दोघे भाऊ प्रथमच मोकळेपणाने बोलत आहेत, माशाचे सूप येते, चहा येतो आणि अल्योशाला लहानपणी चेरीचा मुरांबा आवडत असे हे इव्हानला आठवते. इव्हानने हे काव्य लिहिलेले नाही, तो तोंडी सांगतो आहे. अल्योशा मध्येच प्रश्न विचारतो, हरकत घेतो आणि शेवटी ख्रिस्ताने इन्क्विझिटरचे घेतले तसेच इव्हानचे चुंबन घेतो. वाङ्मयचौर्य म्हणून इव्हान त्यावर विनोद करतो, पण तो सुखावलेला आहे. म्हणजे हा तात्त्विक निबंध नव्हे. एका एकाकी तरुणाने धाकट्या भावाला आपलेसे करून घेण्याची ही धडपडही आहे.

त्याआधीच्या ‘बंड’ या प्रकरणात इव्हानने निरपराध मुलांच्या छळाचे दाखले दिलेले असतात. ते काल्पनिक नाहीत, छापून आलेल्या घटना आहेत, असे दोस्तोव्हस्की यांनी मासिकाचे संपादन पाहणाऱ्या निकोलाय ल्युबिमोव्ह यांना मे १८७९ मधील पत्रात कळवले होते. इव्हानचा युक्तिवाद असा की अंतिम सुसंवादाची किंमत एका मुलाच्या अश्रूंनी चुकवायची असेल तर तो ते प्रवेशपत्र परत करील. अल्योशाकडेही याचे तार्किक खंडन नाही. मुलावर शिकारी कुत्री सोडणाऱ्या जनरलला गोळी घालावी, हे क्षणभर तोही मान्य करतो.

येथे पुस्तक मिटले तर इव्हान जिंकलेला असतो. १९३० साली हे प्रकरण कोतेलियान्स्की यांच्या भाषांतरात स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाले तेव्हा डी. एच. लॉरेन्स यांनी प्रस्तावनेत इन्क्विझिटरचीच बाजू लेखकाची मानली. सुट्या प्रकरणावरून तो निष्कर्ष चुकीचा म्हणता येणार नाही. निष्कर्ष बदलतो तो पान उलटल्यावर.

खानावळीतून इव्हान थेट घरी जातो आणि फाटकापाशी बाकावर स्मेर्द्याकोव्ह बसलेला असतो. तो आडवळणाने सांगतो की उद्या आपल्याला अपस्माराचा दीर्घ झटका येण्याचा संभव आहे, दार उघडण्याची गुप्त खूण द्मित्रीला कळली आहे, आणि इव्हानसाहेबांनी गावाबाहेर चेर्माश्न्याला गेलेले बरे. इव्हानला काहीच कळत नाही आणि सारे कळते. त्या रात्री तो जिन्यावर उभा राहून खाली फिरणाऱ्या वडिलांची चाहूल घेतो. हेच कृत्य पुढे तो आयुष्यातील सर्वांत नीच कृत्य समजणार असतो. सकाळी तो निघून जातो. मानवजातीवरील प्रेमाचा इतका भव्य युक्तिवाद करणारा माणूस काही तासांत स्वतःच्या बापाला मृत्यूच्या स्वाधीन करतो, तेही एक शब्द न उच्चारता. ख्रिस्ताचे मौन आणि इव्हानचे मौन यांच्यामध्ये जेमतेम एका प्रकरणाचे अंतर आहे. अभ्यासक्रमासाठी उतारा निवडताना हे फाटकाचे प्रकरण का गळते, हे समजणे कठीण आहे. त्यात तत्त्वज्ञान नाही हे कारण असेल तर ते फारच तोकडे आहे.

उत्तराचे स्वरूप

इन्क्विझिटरचे प्रकरण जून १८७९ च्या अंकात आले, आणि उत्तर म्हणून योजलेला सहावा खंड ऑगस्टमध्ये. मधल्या काळात वाचकांजवळ केवळ प्रश्न होता. कॉन्स्तान्तिन पोबेदोनोस्त्सेव्ह यांच्यासारख्या प्रभावी सनातनी गृहस्थांनी खंडन कोठे आहे अशी विचारणा केली. लेखकाने ऑगस्ट १८७९ मध्ये उत्तर पाठवले. त्याचा आशय असा की हे उत्तर मुद्देसूद नाही, ते एका जीवनाच्या चित्राच्या रूपाने, अप्रत्यक्षपणे दिले आहे, आणि ते पुरेसे ठरेल की नाही याची त्यांना स्वतःलाही धास्ती आहे. ही धास्ती खोटी नव्हती. सहाव्या खंडातील वृद्ध साधू झोसिमाचे प्रवचन युक्तिवाद म्हणून इव्हानसमोर फिके पडते, हे मान्य करावे लागते.

परंतु उत्तर तेथे संपत नाही. सातव्या खंडाच्या आरंभी झोसिमाचा देह ठेवलेला आहे. साऱ्या गावाला चमत्काराची अपेक्षा आहे. संताच्या देहाला दुर्गंधी येत नाही अशी श्रद्धा असते, आणि देहाला दुर्गंधी येऊ लागते, तीही नेहमीपेक्षा लवकर. इन्क्विझिटर म्हणाला होता की माणसे चमत्काराविना राहू शकत नाहीत. कादंबरी तो चमत्कार अल्योशाला नाकारते आणि तो काय करतो ते पाहते. तो कोसळतो, मठाबाहेर पडतो, आणि त्याला भ्रष्ट करण्याच्या हेतूने बोलावणाऱ्या ग्रुशेन्काच्या घरी जातो. तेथे झोसिमाच्या मृत्यूची बातमी कळताच ती त्याच्या मांडीवरून उठते. एवढ्या लहानशा दयेने तो सावरतो. इन्क्विझिटरच्या मानवविषयक सिद्धान्ताला हा एक अपवाद आहे, आणि सिद्धान्त सार्वत्रिक असेल तर एक अपवादही पुरेसा असतो.

मुलांच्या दुःखाबाबतही असेच. इव्हान मुलांविषयी बोलतो, पण ती मुले वर्तमानपत्रातली आहेत. त्याच दिवशी सकाळी नऊ-दहा वर्षांच्या इल्यूशाने अल्योशाच्या बोटाचा कडकडून चावा घेतलेला असतो, कारण द्मित्रीने त्याच्या वडिलांना, म्हणजे कप्तान स्नेगिर्योव्हला, दाढी धरून रस्त्यावर ओढले होते. इव्हानचा युक्तिवाद अल्योशा ऐकतो तेव्हा त्या बोटाला पट्टी बांधलेली आहे. हा तपशील सुट्या प्रकरणात असूच शकत नाही. पुढे दहावा खंड पूर्णपणे या मुलाला आणि त्याच्या सोबत्यांना दिलेला आहे. खुनाचा तपास थांबवून येथे शाळकरी पोरांची भांडणे, हरवलेले कुत्रे आणि खेळण्यातली तोफ येते. अनेक वाचक तो खंड वेगाने उलटतात. वास्तविक इव्हानने गोळा केलेल्या कात्रणांतील मुलाला येथे नाव, तापलेले अंग आणि मित्र मिळालेले आहेत. लेखकाचा स्वतःचा मुलगा अलेक्सेई मे १८७८ मध्ये, तीन वर्षांचाही नसताना, अपस्माराने गेला होता. पुढच्याच महिन्यात व्लादिमीर सोलोव्योव्ह यांच्यासह ते ऑप्तिना मठात जाऊन आले. दुसऱ्या खंडात झोसिमासमोर रडणाऱ्या शेतकरी स्त्रीचा गेलेला मुलगा तीन वर्षांचा होत आला होता आणि त्याचे नावही अलेक्सेई आहे. प्रश्न इव्हानच्या तोंडी घालणाऱ्याला तो परका नव्हता.

अध्यापनाच्या दृष्टीने

संपूर्ण कादंबरी सत्रात बसत नाही, ही अडचण खरी आहे. खुद्द दोस्तोव्हस्की यांनीही डिसेंबर १८७९ मध्ये पीटर्सबर्ग येथील विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात हे प्रकरण सुटे वाचले होते. मात्र त्याआधी ते कोण सांगत आहे आणि कशासाठी, याचे छोटेसे प्रास्ताविक त्यांनी जोडले. म्हणजे सुट्या वाचनाचा धोका त्यांना दिसत होता. पाचवा, सहावा आणि सातवा हे तीन खंड सलग वाचणे हा किमान मार्ग म्हणता येईल. तेवढाही वेळ नसेल तेव्हा ‘बंड’पासून फाटकाच्या प्रकरणापर्यंतचा भाग तरी तोडू नये. स्वतंत्रपणे वाचणाऱ्याने पहिल्या खंडात अडखळल्यास तो ओलांडून दुसऱ्यापासून आरंभ करण्यास हरकत नाही, नंतर परत येता येते. दहावा खंड मात्र वगळू नये.

उपसंहारात द्मित्रीच्या शिक्षेचे पुढे काय होणार हे निश्चित होत नाही, इव्हान जगेल की नाही हेही कळत नाही. कादंबरी त्या दोघांना सोडून इल्यूशाच्या अंत्ययात्रेबरोबर जाते. स्नेगिर्योव्ह घाईने पावाचा एक तुकडा खिशात टाकतो. थडग्यावर पाव कुस्करा, म्हणजे चिमण्या येतील आणि आपण एकटे नाही हे ऐकू येईल, असे मुलाने सांगून ठेवलेले असते. माणसांना स्वातंत्र्याऐवजी भाकर द्यावी हा इन्क्विझिटरचा पहिला मुद्दा होता. येथे तो बाप नुकत्याच लोटलेल्या मातीवर पाव चुरतो आणि पाखरांना हाका मारतो.